डावखुऱ्या कात्रीचा डूख

मी कात्री बोलतेय. दचकू नका. बोलता बोलता मी कुणाला कापत नाही. आणि कापलंच, तर चुकून नव्हे, चांगलं ठरवून. माझा स्वभाव आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून "तू अशी कशी गं" असं कुणी म्हणायला नको.

मी शिवणकामाची कात्री. अंगाने जड, लांब पात्यांची आणि डावखुरी. डावखुरी कात्री असते हे पुष्कळांना माहीतच नसतं. तुमच्या घरात जी आहे ती उजव्या हाताची. माझी पाती उलटी बसवलेली आहेत. मला उजव्या हातात धरलंत तर पाती फाकतात आणि कापड मध्ये दुमडून बसतं. मग कितीही जोर करा, मी नुसती चावत राहीन. डाव्या हातात द्या आणि बघा, जाड लोकरी कापडसुद्धा लोण्यासारखं कापते की नाही!

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. आमच्या बाईचे वडील सुतार. पोर डाव्या हाताने सगळं करते आणि दुसऱ्यांच्या कात्र्यांशी झटून बोटांना घट्टे पाडून घेते, हे त्यांना बघवेना. लोक म्हणायचे, तिचा डावा हात बांधून ठेवा, आपोआप वळण लागेल. वडील म्हणाले, पोरीचा हात बांधण्यापेक्षा कात्रीच बदलतो. लोहाराने उलटी कात्री कधी केली नव्हती. सवयीने पहिलं पातं त्याने सुलटंच घडवलं, मग कपाळावर हात मारला आणि पुन्हा भट्टीत घातलं. म्हणजे मी जन्मायच्या आधी एकदा वितळून आलेली आहे. माझा ताप तिथूनच आहे म्हणा ना.

वडिलांनी स्वतःच्या हाताने तिच्यासाठी कापायचं टेबलही केलं. तिच्या कमरेच्या उंचीचं, डाव्या बाजूला मला ठेवायला खाच असलेलं. लग्नात ती आली ती मला आणि त्या टेबलाला घेऊन.

नवरा शिंपीच होता. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. दुकान अरुंद. पुढे मोठा आरसा, मध्ये जाड पडदा, पडद्यामागे आम्ही. मास्तर पुढे, गळ्यात टेप टाकून. गिऱ्हाईक आलं की त्याला आरशासमोर उभं करायचं, "वा, काय बांधा आहे!" म्हणायचं आणि मापं मोठ्याने आत ओरडायची. बाई ती ऐकून खडूने खुणा करायची आणि मी कापायची. बाहेर लोक म्हणायचे, मास्तरांचा हात कुणी धरणार नाही. ज्या हाताची एवढी कीर्ती, तो हात पडद्याआड होता आणि डावा होता.

आता खरी गोम ऐका. मास्तरची मापं चुकायची. एक तर चष्मा लावला की म्हातारा दिसेन म्हणून तो टेपवरचे आकडे अंदाजाने वाचायचा. दुसरं म्हणजे आरशापुढे उभं केलं की प्रत्येक पुरुष पोट आत ओढतो आणि छाती फुगवतो. मास्तर तेच माप घ्यायचा. बाई पडदा बोटभर सारून बघायची. माप देऊन झालं की गिऱ्हाईक बाकावर टेकायचं, श्वास सोडायचं, आणि मग त्याचं खरं पोट दिसायचं. बाई त्या पोटाचा कोट कापायची. शिवाय आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवायची, वेळेला सैल करता यावं म्हणून. कोट असा बसायचा की माणूस आरशात स्वतःवरच खूश. मास्तरला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं, आपलं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मास्तरचे स्वतःचे कोटही असेच व्हायचे. तो स्वतःचं माप स्वतः घ्यायचा, तेही श्वास रोखून. वर्षांमागून वर्षं गेली, पोट पुढे आलं, सांगायचा आकडा मात्र तोच. बाई गुपचूप दोन बोटं वाढवायची, मग तीन. "बघ, अजून माझी कंबर तशीच आहे," असं तो बटण लावताना म्हणायचा. बाई हसायची. मला तेव्हाच राग यायचा, पण तिला आवडत होतं तर मी कोण बोलणारी?

मग समोरच्या गाळ्यात चष्म्याचं दुकान निघालं. मालकीण हसतमुख, बोलायला गोड, कामाला चोख. मास्तर तिकडे चहाला जायला लागला. पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्याने ते सांगितलं ती वेळ मी विसरणार नाही. भरदुपार होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी एका बाहीच्या मधोमध होते. पडदा सारून तो म्हणाला की त्याला आता मोकळं व्हायचंय, कागद तयार आहेत, भांडण नको. बाईने बाही पूर्ण कापली. मग मला खाली ठेवलं. तो म्हणाला, दुकान माझं, दुकानातलं टेबलही माझं. आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तुझी ती उलटी कात्री तेवढी घेऊन जा. इथे कुणाच्या कामाची नाही."

मी तेव्हाच डूख धरला. साप म्हणे डूख धरतो. सापाला तरी विसर पडत असेल, पोलादाला पडत नाही.

आम्ही धाकटीकडे आलो. धाकटी म्हणजे बाईची बहीण. दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, तोंडाने फटकळ आणि मनाने भली. तिने काही विचारलं नाही. नुसती एक खुंटी रिकामी करून दिली आणि म्हणाली, "हवी तितकी राहा. फक्त न्हाणीघर माझ्या आधी अडवू नकोस."

बाई रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती खिडकीशी बसायची, जेवायला हाक मारली की उठायची, दोन घास खाऊन परत तिथेच. रात्र तळमळण्यात जायची. शेजारणीने एक ब्लाउजचं कापड दिलं, तेव्हा बाईने मला हातात घेतलं आणि तिचा हात थरथरला. ज्या हाताने कधी रेघ सोडली नाही तो हात! काप वाकडा गेला, कापड वाया गेलं. शेजारीण भली, रागावली नाही, पण बाईने मला कपाटात खाली ठेवून दिलं. अंधारात पडून मी दातओठ खात होते. त्यात मास्तर सगळीकडे सांगत सुटलेला, की तिचा हात गेला, म्हणूनच मी वेगळा झालो. बायकोला सोडायचं ते सोडायचं, वर बोंबही आपणच मारायची.

धाकटी एक दिवस धुलाईघरातून फाटक्या चादरींचं गाठोडं घेऊन आली. टाकून द्यायच्या होत्या, तिने मागून आणलेल्या. बाईपुढे टाकून म्हणाली, "ताई, याच्या पट्ट्या काप. सरळ आल्या तर ठीक, वाकड्या आल्या तर पायपुसणं होईल. पायपुसण्याला कोण विचारतंय सरळ की वाकडं?"

एवढंच. उपदेश नाही, धीर धर नाही, सगळं चांगलं होईल नाही. पण सकाळी उठल्यावर, कुणाशी एक शब्द बोलायच्या आधी, बाई जमिनीवर बसून एक चादर घ्यायची आणि खुणेशिवाय पट्ट्या कापायची. पहिल्या पट्ट्या बघवत नव्हत्या. गुडघे दुखायचे, कारण टेबल नव्हतं. एखाद्या दिवशी अर्ध्यात मला ठेवून ती भिंतीला टेकून बसायची, छातीत धडधडतंय म्हणायची. पण दुसऱ्या सकाळी पुन्हा बसायची. मी तिला सांभाळून घेत होते. हात हलला तरी आपण सरळच जायचं, असं मी ठरवलेलं. हळूहळू पट्ट्या सरळ यायला लागल्या. धाकटी त्या विणायची. इमारतीतल्या प्रत्येक दारात आमचं पायपुसणं आलं, आणि पायपुसण्यामागोमाग शिवायला कपडेही यायला लागले. झगे, विजारी, उशांचे अभ्रे. कोटाला मात्र बाई हात लावायची नाही. कोट म्हटलं की तिचा हात थरथरायचाच.

आणि मग, बोलवल्यासारखा, मास्तर जिना चढून आला.

दमलेला, घामाघूम, आणि अंगावरचा कोट जुना, बाईने कापलेला. बसायला सांगितलं नाही तरी बसला. इकडचं तिकडचं झाल्यावर मुद्द्यावर आला. त्याचं लग्न ठरलंय, चष्मेवालीशी. लग्नात घालायला कोट हवाय. एकामागून एक कापणारे ठेवून पाहिले, पण एकालाही धड कोट कापता येत नाही. मापं इतकी चोख देऊनसुद्धा! गिऱ्हाइकंही कुरकुरायला लागलीत. तुझा हात मला माहीत आहे, म्हणाला. एवढा एक कोट कापून दे, शिवून घेतो मी दुकानात.

बघितलंत? सोडलेल्या बायकोकडे स्वतःच्या दुसऱ्या लग्नाचा कोट कापायला आला. त्याला यात काही वावगं वाटतच नव्हतं. त्याच्या लेखी बाई म्हणजे सांगितलेल्या मापावर चालणारी कात्री, आणि कात्रीला कुठलं मन?

बाईने हातातलं काम पूर्ण केलं. मग म्हणाली, "टेबल द्या. आधी टेबल, मग कोट."

तो जरा घुटमळला, पण दोन दिवसांत टेबल पाठवलं. दारातून आत येईना, पाय काढून आणावं लागलं. पुढची खोली सगळी त्यानेच व्यापली. धाकटीला आता स्वयंपाकघरात जायला अंग चोरून जावं लागायचं, आणि जाता-येता ती टेबलाच्या कडेला थोपटायची. बाई उभी राहिली, कमरेशी टेबल लागलं, तिने मला खाचेत ठेवलं. खाच जुनी होती आणि मी तिच्यात नीट बसले.

मग मास्तर कापड घेऊन आला. गडद निळं, भारी, जेमतेम एका कोटापुरतं. असं कापड आता मिळायचं नाही, म्हणाला, जपून. गळ्यात टेप होतीच. पूर्वीसारखाच उभा राहून तो मापं सांगायला लागला. खांदा, छाती, बाही. पोटाचं माप सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. ते त्याच्या पहिल्या लग्नातलं माप होतं.

"बसून बघितलंत का?" बाईने विचारलं.

"मला माप शिकवू नकोस," तो म्हणाला. "तू फक्त काप. सांगितलंय तेवढंच काप."

"बरं," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने कापड पसरलं आणि खडू घेतला. आणि तिचा हात काय करत होता सांगू? पोटाशी आल्यावर खडू आपोआप बाहेर गेला. तीन बोटं, वर थोडी. इतक्या वर्षांची सवय. मी खाचेत जळत होते. अगं, काय करतेस? ज्याने तुला दाराबाहेर काढलं, त्याचं पोट झाकतेस? पण कात्रीचा आवाज कापल्याशिवाय निघत नाही.

तेवढ्यात धाकटी कामावरून आली. खांद्यावरची पिशवी न काढताच तिने टेबलाकडे पाहिलं.

"ताई, एवढं पोट कुणाचं?"

"त्यांचं."

"त्यांनी सांगितलेलं?"

"नाही. त्यांनी कमी सांगितलं. हे खरं आहे."

धाकटी दाराशीच थांबली. फटकळपणा कुठे गेला कोण जाणे, हळूच म्हणाली, "अजून झाकतेस होय गं?"

बाईने खडू खाली ठेवला. खुर्चीवर बसली, दोन्ही हात मांडीत धरून. मला वाटलं आता थरथर सुटणार आणि आजही कोट राहणार. पण ती उठली, पदर बोटाला गुंडाळला आणि खडूची रेघ पुसून टाकली. मग मास्तरच्या आकड्यावर नवी रेघ मारली. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. आत दुमडायला जास्तीचं कापडही ठेवलं नाही, कारण ते कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिने मला उचललं.

खोटं कशाला बोलू, त्या कापासारखा आनंद मला आयुष्यात झालेला नाही. हात दगडासारखा स्थिर होता. पोटाच्या वळणावर ती थांबली नाही. हे चुकून झालं असं कुणी म्हणेल, तर मी साक्षीला आहे. ती काय कापतेय ते तिला पुरतं माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि आम्हा दोघींना ते मनापासून हवं होतं.

कोट शिवून झाला आणि एका सकाळी मास्तर तो हातावर टाकून आला, सोबत चष्मेवाली. धाकटी नुकतीच कामावर गेलेली. दारातच त्याने सुरू केलं. हात गेलाय हिचा, मी सांगत होतो ना, बघ, कापडाची माती केली. चष्मेवालीला दाखवायला त्याने कोट अंगात चढवला. खांदे ठीक, बाह्या सुरेख. पण पुढे बटण एकीकडे आणि काज एकीकडे. मध्ये मास्तरचं पोट, सदऱ्यासकट.

बाईने त्याला कोट काढायला सांगितला. टेबलावर पसरला, त्याच्याच गळ्यातली टेप घेतली आणि एकेक माप लावत गेली. "तुमचे डोळे चांगले आहेत, तुम्ही वाचा," ती चष्मेवालीला म्हणाली. चष्मेवाली वाचत गेली. प्रत्येक आकडा मास्तरने सांगितला होता तोच. मास्तरला नाही म्हणता येईना.

"आता हात वर करा," बाई म्हणाली.

त्याने हात वर केले आणि पोट आत ओढलं. बाई टेप धरून नुसती उभी राहिली. माणूस श्वास धरून धरून किती वेळ धरणार? त्याचे कान लाल झाले.

"श्वास सोडा," ती म्हणाली.

त्याने सोडला. टेप सरकली. चष्मेवालीने आकडा वाचला, आणि तो आकडा खोलीत सगळ्यांनी ऐकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चष्मेवाली मूर्ख नव्हती. तिने विचारलं, मग आजपर्यंत यांचे कोट कसे बसत होते?

"पडद्याआडून बघून कापायची मी," बाई म्हणाली. "यांचं माप मी कधी धरलंच नाही. यांनी घेतलेलं स्वतःचंही नाही आणि दुसऱ्या कुणाचंही नाही."

मास्तरचा चेहरा बघण्यासारखा झाला. गावभर मिरवलेलं माप, दुकानाचं नाव, सगळं त्या एका वाक्यात उतरलं. तो टेबलाचा आधार घेऊन म्हणाला, "मग एकदाही बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुमचं दुकान चाललं नसतं." तिने टेप गुंडाळून त्याच्या हातात दिली. "खरं माप आता तुमच्याकडे आहे. कुणाकडूनही कापून घ्या."

चष्मेवालीने लग्न मोडलं नाही की तमाशा केला नाही. नुसतं म्हणाली, "उद्या दुकानात या. आधी तुमचे डोळे तपासू." आणि त्याच्या पुढे जिना उतरून गेली. मास्तर कोट बगलेत मारून मागून गेला. त्याची पावलं खालपर्यंत ऐकू येत होती.

दार लावलं आणि बाईचे दोन्ही हात असे थरथरायला लागले की पाण्याचा पेला धरवेना. संध्याकाळी धाकटी आली तरी ती तशीच टेबलाशी बसलेली. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "सूड घेतला की गं मी." आणि घर सोडल्यापासून पहिल्यांदा रडली, मोकळी, आवाज करून.

"घेतलास," धाकटी म्हणाली. "बरं केलंस. आता चहा घे."

आता बाई कोट कापते. लोक तिच्याकडे येतात, बाकावर बसतात, आणि ती बसल्याजागी त्यांचं माप घेते. पडदा नाही. हात कधीकधी अजून थरथरतो. एखादं जुनं गाणं ऐकून किंवा काही कारण नसताना. तेव्हा ती हातातला कोट बाजूला ठेवते आणि एखादी चादर पसरते. तिला आता त्या थरथरीची भीती वाटत नाही.

ऐकते की मास्तर चष्मा लावतो आणि गिऱ्हाइकाला खाली बसवून माप घेतो. ऐकून माझा जळफळाट झाला. सुधारायचं होतं तर आधी सुधारायचं! बाई मात्र "बरं झालं" म्हणाली आणि पुढचं कापड ओढलं. तिला माफ करायचं असेल तर तिने करावं, ती माणूस आहे. माझ्याकडून तेवढं व्हायचं नाही. माझी पाती झिजलीत, धार लावणारा म्हणतो अजून थोडी वर्षं निघतील. ती सगळी वर्षं मी हा डूख धरून ठेवणार आहे.

तुम्हाला जाता जाता एकच सांगते. तुमचं नाव कुणाच्या हातावर चाललंय, ते एकदा उठून बघा. आजच बघा. कारण तो हात कधीतरी तुम्ही सांगितलंय तेवढंच कापेल.